छिद्राचे माप

पत्र्याच्या छपराच्या गोदामात भर दुपारी शिरले, की प्रथम काही क्षण अंधाराखेरीज काहीच दिसत नाही. डोळे सरावले, की पोत्यांच्या थप्प्या दिसू लागतात आणि त्या थप्प्यांवर विखुरलेले प्रकाशाचे गोल कवडसे दिसतात. छपरातील भोके मात्र गोल नसतात. एखादे खिळा निखळून पडलेले असते, एखादे गंजाने खाल्लेले, एखादे पत्रा फाटून तिरके झालेले. तरीही भोक लहान आणि छप्पर पुरेसे उंच असेल, तर खाली कवडसा गोलच पडतो. कारण तो भोकाचा आकार नसतो, ती सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण लागले, तेव्हा महाराष्ट्रात झाडांखालचे आणि छपरांखालचे हेच कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. जन्मभर गोदामात वावरलेल्या माणसालाही त्या दिवशी कळावे, की आपल्या पायांशी रोज सूर्याचे चित्र पडत होते.

बारीक छिद्रातून आलेला प्रकाश प्रतिमा घडवतो, हे ज्ञान फार जुने आहे. चीनमधील मो-झी यांच्या परंपरेतील ग्रंथात इसवी सनापूर्वीच उलट्या प्रतिमेची नोंद सापडते. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने ग्रहणकाळच्या सूर्याची छिद्रातून पडणारी प्रतिमा बारकाईने अभ्यासली. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या दालनाच्या भिंतीवर गोपुराची उलटी छाया पडते, ती पाहण्यासाठी यात्रेकरू आजही थबकतात. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सवाई जयसिंगाने उभारलेल्या षष्ठांश यंत्रात माध्यान्हीचा सूर्य छिद्रातून आत येतो आणि अंशांच्या खुणा असलेल्या कमानीवर आपले बिंब टाकतो. त्यावरून त्याची आकाशातील स्थिती मोजली जाई. या साऱ्यांमागचे कारण एकच आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्यावरून निघालेला किरण छिद्रातून गेला, की खाली पोहोचतो आणि बुंध्यावरून निघालेला वर पोहोचतो. म्हणून प्रतिमा उलटी पडते. शालेय पुस्तकांत ज्याला सूचीछिद्र प्रतिमाग्राहक म्हणतात, तो पिनहोल कॅमेरा म्हणजे हीच अंधारी खोली एका खोक्यात बसवलेली.

सांगलीतील हळदीची अडत असलेल्या एका घरात गेल्या काही वर्षांतील एका उन्हाळी सुटीत असा खोका तयार झाला. करणारी होती नववीची परीक्षा दिलेली नात. आजोबांनी व्यवहार मुलांच्या हाती सोपवला होता, तरी सकाळचे दोन तास ते गादीवर येऊन बसत. कॅमेरा घरी करता येतो आणि त्याला भिंग लागत नाही, हे ऐकून त्यांना प्रथम हसू आले. ‘भिंगाशिवाय कॅमेरा म्हणजे काट्याशिवाय तराजू,’ असे ते म्हणाले. नातीने त्यांना गोदामात नेऊन कवडसे दाखवले, तेव्हा ते बराच वेळ छपराकडे पाहत राहिले.

खोका कोणता घ्यावा, हा पहिला प्रश्न. घरात पर्याय पुष्कळ होते. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका कापायला सोपा. पण त्याच्या सांध्यांतून आणि झाकणातून उजेड झिरपतो. चहाचा पत्र्याचा डबा उजेडाला पक्का; पण आतून चकचकीत असल्याने काळ्या, चमक नसलेल्या रंगाचे दोन हात द्यावे लागतात. डब्याची खोली हीदेखील निवडीची बाब आहे. छिद्र आणि मागचा पडदा यांच्यातील अंतर कमी असेल, तर समोरचे विस्तीर्ण दृश्य लहान होऊन मावते. अंतर जास्त असेल, तर दृश्याचा थोडाच भाग, पण मोठा दिसतो. जवळचे आणि दूरचे सारे सारखेच स्पष्ट, हा या कॅमेऱ्याचा विशेष. तेथे काही जुळवावे लागत नाही. परंतु जे ठरवायचे, ते सारे आधीच ठरवावे लागते.

आणि खोका ठरवण्याच्याही आधी ठरवावे लागते, ते त्याच्या पाठीवर काय बसवायचे हे. प्रतिमा पडते खरी, पण ती धरून ठेवणार कशावर?

काकांच्या एका मित्राने आपला फोटो स्टुडिओ काही वर्षांपूर्वी बंद केला होता. त्याच्याकडून काकांनी कृष्णधवल छायाचित्रांच्या कागदाचे एक न उघडलेले पाकीट आणून नातीच्या हातात ठेवले. सव्वादोनशेच्या आकड्याच्या छिद्रातून, स्वच्छ उन्हात, अर्ध्या मिनिटात या कागदावर चित्र उमटते. कामाला याहून सोयीची वस्तू नव्हती. आजोबांनी पाकीट हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि सवयीने हिरवा ठिपका शोधला. तो नव्हता, असण्याचे कारणही नव्हते, कारण ही खाण्याची वस्तू नाही.

‘बाळ, हे कशाचं केलेलं असतं गं?’ त्यांनी विचारले.

नातीने ते शोधून ठेवले होते, पण कोणी विचारेपर्यंत सांगितले नव्हते. चांदीचे क्षार प्रकाशाने काळवंडतात, ही छायाचित्रणाची किमया; परंतु ते क्षार कागदावर किंवा फिल्मवर धरून ठेवण्यासाठी एक थर लागतो. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने त्यासाठी जिलेटिन सुचवले आणि पुढे सारे छायाचित्रण त्याच वाटेने गेले. जिलेटिन येते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून. ते केवळ चिकटवण्याचे काम करते असेही नाही. विसाव्या शतकात कोडॅक कंपनीतील संशोधकांनी शोधून काढले, की जिलेटिनमधील गंधकयुक्त अंशामुळेच फिल्मची संवेदनशीलता वाढते आणि तो अंश गुरांच्या चाऱ्यातील मोहरीसारख्या वनस्पतींमधून आलेला असतो. प्राण्याच्या देहाचा एवढा सूक्ष्म माग त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात उरतो.

त्या संध्याकाळी जेवणानंतर घरात बोलणे झाले. भांडण नव्हे, पण प्रत्येकाचे म्हणणे वेगळे होते.

‘अण्णा, हा कागद तयार होऊन कितीतरी वर्षं झाली,’ काका म्हणाले. ‘आपण वापरला नाही म्हणून झालेली गोष्ट मागे थोडीच जाणार आहे? पडून राहील नाहीतर कचऱ्यात जाईल.’

‘तुझं म्हणणं खोटं नाही,’ आजोबा म्हणाले. ‘पण पोरीला याचा नाद लागला आणि पाकीट संपलं, की पुढचं कुठून आणणार? विकतच ना? मागणी कशी तयार होते, ते बाजारात बसणाऱ्याला मी सांगायला नको. पहिला नग फुकटच असतो.’

नात इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, ‘मग आजोबा, गादीमागचा पणजोबांचा फोटो? तोही अशाच कागदावर आहे ना?’

त्या प्रश्नानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. गादीमागचा तो फोटो म्हणजे दुकानाचा पायाच. दर दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी त्याला हार पडतो. घरातील लग्नांचे अल्बम, बारशांची चित्रे, गेलेल्या माणसांचे चेहरे, सारे त्याच थरावर उमटलेले. ज्या घरात औषधाची कॅप्सूल घेण्यापूर्वी ती कशाची आहे हे विचारले जाते, त्या घराची सारी आठवण अशा वस्तूवर जपली गेली होती.

‘हो, आहे,’ आजोबा शेवटी म्हणाले. ‘त्यांना ते ठाऊक नव्हतं. मलाही आजपर्यंत नव्हतं. तो फोटो भिंतीवरून उतरवायचा नाही. त्यावेळी दुसरं काही मिळतही नव्हतं. पण आता आपल्याला कळलंय आणि कळलेलं परत न कळलेलं होत नाही.’

आजी आतून म्हणाल्या, ‘मुलांच्या चॉकलेटचं वेष्टन वाचतोच ना आपण? मग हेही वाचलं, इतकंच. त्यात एवढं गंभीर होण्यासारखं काय आहे?’

निर्णय मात्र आजोबांनी स्वतःकडे ठेवला नाही. ‘कॅमेरा तुझा आहे,’ ते नातीला म्हणाले. ‘तू ठरव. आमच्याकडे बघून नको ठरवू.’

नातीला दोन दिवस लागले. जिलेटिनवाचून चित्र उमटवण्याची एक जुनी रीत तिला सापडली. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांनी निळी चित्रे उमटवण्याची पद्धत शोधली; तिला सायनोटाइप म्हणतात. साध्या कागदावर द्रावण लावायचे, वाळवायचे, पाने किंवा फुले ठेवून उन्हात धरायचे आणि पाण्याने धुवायचे. उन्हात दहाएक मिनिटे पुरतात. हीच वाट घ्यावी असे तिला वाटले; पण तिने हिशेब मांडला. दहा सेंटीमीटर खोल डब्याला सुमारे ०.४५ मिलिमीटरचे छिद्र पाडले, तर खोलीला छिद्राने भागून येणारा आकडा सुमारे २२२. अशा छिद्रामागे पडणारा उजेड बाहेरच्या उन्हाच्या मानाने जवळजवळ दोन लाख पटींनी मंद. दहा मिनिटांचे दोन लाख पट म्हणजे रात्रंदिवस ऊन धरले तरी तीन वर्षांहून अधिक. हिशेबाचा कागद आजोबांनी तपासला आणि बरोबर असल्याची खूण केली. सायनोटाइपचा मार्ग तेथेच मिटला.

मग तिने दोन गोष्टी करायचे ठरवले. एक, केवळ पाहण्याचा खोका, ज्यात काहीच टिपले जात नाही. दुसरी, काकांच्या डिजिटल कॅमेऱ्याचे भिंग काढून त्या जागी छिद्राचे झाकण. तेथे प्रतिमा टिपण्यासाठी कागद नको, फिल्मही नको. फोटो-कागदाचे पाकीट काकांनी कपाटात ठेवून दिले.

छिद्र पाडणे हे या साऱ्या उद्योगातील खरे कौशल्याचे काम. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कापून घ्यायचा. जाड पुठ्ठ्यावर ठेवून सुईच्या टोकाने हलकेच दाबायचे. आरपार नव्हे, केवळ मागे फुगवटा येईपर्यंत. तो फुगवटा बारीक पॉलिश कागदाने घासायचा. पुन्हा दाबायचे, पुन्हा घासायचे. शेवटी सुई बोटांत फिरवत छिद्र गोल करायचे. कडेला धातूचा कण उरला, तर तो प्रतिमेत धूसरपणा आणतो.

छिद्र किती मोठे असावे, याचे उत्तर सहज सुचणारे नाही. लहान तितके स्पष्ट, असे कोणालाही वाटेल. काही मर्यादेपर्यंत ते खरेही आहे, कारण मोठ्या छिद्रातून एकाच बिंदूचा प्रकाश पसरट ठिपका होऊन पडतो. परंतु छिद्र फारच बारीक झाले, की प्रकाश त्याच्या कडांशी वळून फाकतो. त्याला विवर्तन म्हणतात. म्हणजे अति मोठेही धूसर आणि अति लहानही धूसर. या दोहोंमधील योग्य माप कोणते, याचा ऊहापोह लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली केला. आज वापरात असलेले सूत्र सोपे आहे: छिद्रापासून पडद्यापर्यंतचे अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि १.९ ने गुणावे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिलिमीटर धरतात. काकांच्या कॅमेऱ्यात झाकणापासून आतील संवेदकापर्यंतचे अंतर सुमारे ४६ मिलिमीटर होते. त्यासाठी माप आले ०.३ मिलिमीटर.

एवढेसे छिद्र मोजायचे कसे? नातीने पत्रा स्कॅनरवर ठेवला. इंचाला १२०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केले, तर ०.३ मिलिमीटरमध्ये सुमारे १४ ठिपके बसतात. पहिल्या पत्र्यात २२ ठिपके भरले. छिद्र मोठे झाले होते. दुसऱ्यात लंबगोल निघाले. आजोबा शेजारी बसून पाहत होते. आयुष्यभर हळदीचा भाव ओलावा आणि रंग पाहून सांगणाऱ्या त्या माणसाला मापाचे हे खूळ मनापासून पटले. पाचव्या पत्र्यात १४ ठिपके आणि बऱ्यापैकी गोल कडा मिळाली, तेव्हा त्यांनी तो पत्रा सोन्याच्या तुकड्यासारखा पुडीत बांधून ठेवला.

पाहण्याचा खोका त्याआधी तयार झाला. एकात एक सरकणारे पुठ्ठ्याचे दोन खोके, पुढच्याला छिद्र, आतल्याच्या तोंडावर ताणून चिकटवलेला बटर पेपर. येथे मात्र सूत्राचे माप उपयोगी पडले नाही. २० सेंटीमीटर अंतराला सूत्र सांगते सव्वासहा दशांश मिलिमीटर; पण त्या छिद्रातून येणारा उजेड डोळ्याला पुरेना. नातीने तीन पत्रे केले: अर्ध्या मिलिमीटरचा, एकाचा आणि दोनाचा. अर्ध्यातून जवळजवळ काही दिसेना. दोनातून चित्र थोडे मऊ, पण पौर्णिमेच्या चांदण्याइतके उजळ. शास्त्राने उत्तम ठरवलेले माप आणि डोळ्याला चालणारे माप एक नव्हते. तिने दोनाचा पत्रा कायम केला.

आजोबांनी काळी शाल डोक्यावरून घेतली आणि खोका दुकानाच्या दाराकडे धरला. तीन-चार मिनिटे ते म्हणत राहिले, की काही दिसत नाही. मग बोलणे थांबले. पन्नास वर्षे ज्या गल्लीकडे तोंड करून ते बसले होते, ती गल्ली बटर पेपरवर उलटी लटकत होती. हातगाडी आकाशातून जात होती, हमालाच्या पाठीवरचे पोते खाली आणि त्याचे पाय वर. रंग होते, हालचाल होती, आणि काहीही टिपले जात नव्हते. शाल बाजूला केल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘यात ठेवून घेण्यासारखं काही नाही, म्हणून नीट पाहिलं.’ त्या दिवसानंतर दुपारी गिऱ्हाईक नसले, की शेजारच्या दुकानांतील माणसेही शाल मागायला येऊ लागली.

काकांच्या कॅमेऱ्याचे काम वेगळे होते. भिंगाच्या जागी बसणाऱ्या प्लास्टिकच्या झाकणाला मधोमध सहा मिलिमीटरचे भोक पाडून त्यावर पुडीतला पत्रा काळ्या चिकटपट्टीने बसवला. छिद्राचा आकडा आला सुमारे १५०. भर उन्हात सुमारे एक सेकंद उघडे ठेवावे लागे. पहिल्याच चित्रात ठिकठिकाणी काळसर डाग दिसले. ती आतील संवेदकावरची धूळ होती. एवढ्या बारीक छिद्रातून आलेल्या प्रकाशात धुळीचा कणही आपली सावली स्पष्ट टाकतो. काकांचा कॅमेरा किती दिवस साफ झाला नव्हता, हे असे उघड झाले.

सूर्य मावळल्यावर नातीने कॅमेरा दुकानासमोरच्या कट्ट्यावर ठेवला आणि छिद्र दोन मिनिटे उघडे ठेवले. गल्लीत त्या वेळी माणसांची रीघ होती. चित्रात गल्ली रिकामी आली. चालणारे कोणीच उमटले नव्हते. एका जागी पुरेसा वेळ थांबल्याशिवाय या छिद्रातून कोणाची खूण राहत नाही. उमटली होती ती दुकाने, विजेचा खांब, आणि कोपऱ्यावर बसून फुले ओवणारी बाई. तिचे हात मात्र धुक्यासारखे.

त्यानंतर घरातील माणसांची चित्रे काढायची ठरले आणि अडचण पुढे आली. खिडकीच्या उजेडात सहा मिनिटे लागत होती. वडील एका मिनिटात घड्याळ पाहू लागले, काकांचा फोन वाजला, धाकटा भाऊ तर बसलाच नाही. स्थिर बसणारे घरात एकच माणूस होते. आजी रोज पहाटे सामायिकाला बसत, दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. नातीने त्यांना त्याच वेळी टिपण्याचे सुचवले. आजींनी साफ नकार दिला. ‘ते बसणं फोटोसाठी नाही,’ त्या म्हणाल्या. ‘नंतर बसते मी तुझ्यासाठी. सहाच मिनिटं ना?’

त्या खिडकीजवळ बसल्या. छिद्रावरची पट्टी उघडली गेली आणि घरात सहा मिनिटे कोणी मोठ्याने बोलले नाही. चित्र आले ते मऊ, कडा विरघळलेले, अंधाऱ्या भागात बारीक ठिपके पडलेले. पातळाच्या निऱ्या स्पष्ट होत्या, खांदे स्पष्ट होते. चेहरा श्वासोच्छ्वासाने किंचित हललेला, तरी ओळखू येणारा. जपमाळ धरलेली बोटे मात्र पुसट झाली होती, कारण बसायचे कबूल करूनही त्यांनी मणी ओढणे थांबवले नव्हते.

हे चित्र छापून घ्यावे, असे सर्वांचे मत पडले. काका लगेच म्हणाले, की नेहमीच्या लॅबमध्ये पाठवून देऊ, संध्याकाळी हातात मिळेल. नातीने वही पुढे केली. लॅबमध्ये छापले जाणारे नेहमीचे रंगीत फोटो ज्या कागदावर येतात, त्यावरही बहुधा तोच जुना थर असतो, हे तिने वाचले होते. साध्या कागदावर शाईने छापणारा कोणी आहे का आणि त्याच्या कागदावर कोणता लेप असतो, हे दोन प्रश्न तिने पानावर आधीच लिहून ठेवले होते. आजोबांनी चष्मा लावून ते वाचले, आणि खाली स्वतःच्या अक्षरात तिसरा लिहिला: ‘भाव काय?’